उत्तर आधी, रीत मागाहून

बस. उभ्याउभ्या निघायचं नाही. तो फोटो मी पाहिला, चष्मा लावून पाहिला, आता मोबाइल खिशात घाल आणि ऐक. बायकोने तुला माझ्याकडे धाडलं, ते काही मी कौतुक करीन म्हणून नव्हे.

नववीत असताना तू गणिताच्या वहीत उत्तर आधी लिहायचास आणि रीत मागाहून जुळवायचास. उत्तर शेजारच्याचं, रीत देवाच्या भरवशावर. चाळिशी आली तरी खोड तीच. परवाना नाही, परवान्याचा अर्ज नाही, पिस्तूल कधी हातात धरलेलं नाही, आणि नाशिकच्या कुणा उपटसुंभाला वीस हजारांचा इसार देऊन मोकळा! वर मलाच सांगतोस, "बाई, जुना जर्मन पीस आहे, अख्खा पोलादाचा, वॉल्थर पीपीके, जेम्स बाँडकडे होता तोच." बाँडकडे होता, 1962 च्या सिनेमात होता, खरं आहे. पण बाँडला पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागत नव्हता. तुला लागतो.

कशाला हवंय, ते तरी नीट सांग. मघाशी म्हणालास मजुरांची रोकड असते. मग मजुरी खात्यात टाक की! पाड्यावरच्या पोरांची खाती आहेत, मीच त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतलेत. नंतर म्हणालास तोरंगण घाटातून रात्री यावं लागतं. त्र्यंबकहून दिवसाउजेडी नीघ. शेवटी काही सुचेना तेव्हा बिबट्या काढलास. दाभोशाच्या वाटेवर तुझे तंबू आहेत, बिबट्या फिरतो, मान्य. बोटाच्या पेराएवढ्या त्या गोळीने बिबट्या मरत नाही, पिसाळतो. आणि मेलाच तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तू आत जाशील, तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तिन्ही कारणं खोटी. खरं कारण मला ठाऊक आहे. दसऱ्याला पूजेत चार जणांना दिसावं आणि एरवी शर्ट वर सरकला की कमरेला चमकावं. एवढ्यासाठी हा खटाटोप!

आता तो फोटो. स्लाइड बघ कशी काळीभोर, लखलखीत. साठ-सत्तर वर्षं वापरलेलं पोलाद असं दिसत नसतं. त्यावरची अक्षरं बघ, पुसट झालीत, कडा गुळगुळीत झाल्यात. कुणीतरी घासून, पॉलिश करून, वरून नवा रंग चढवलाय. गंजाने पडलेले खड्डे घासल्याशिवाय जात नाहीत, आणि घासलं की अक्षरं जातात. मुठीचं काळं आवरण काढून आत काय आहे ते दाखवलं का त्याने? नळीत उजेड धरून आतले आटे दाखवले? मॅगझिनचे ओठ वाकलेत की सरळ आहेत? स्प्रिंग मूळची आहे की कुठल्या गॅरेजात वळवलेली? यातलं काही विचारलं नाहीस. तू विचारलंस, "वजनाला कसं आहे?" सोनं घ्यायला गेला होतास का रे?

हे सगळं एकीकडे राहू दे. फोटोत त्याचा अंगठा कुठे आहे ते बघ. बरोबर नंबरावर! तीन फोटो पाठवले आणि तिन्हींत अंगठा तिथेच. याचा अर्थ तुझ्या लक्षात आला नाही, माझ्या आला. माझे वडील इथल्या कचेरीत कारकून होते. जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हाची गोष्ट. शस्त्रांच्या परवान्यांचं रजिस्टर त्यांच्याकडे असे आणि त्यात नावाच्या आधी ते नंबराचा रकाना वाचत. शस्त्र कायदा 1959 चा. त्याचं आठवं कलम सांगतं की नंबर खोडलेलं, घासलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो खोडला असं न्यायालय धरून चालतं. नाही खोडला हे सिद्ध करायचं काम तुझं. विकणारा तेव्हा कुठे असेल? फोन बंद.

वर "कागद मागाहून करू" म्हणाला म्हणे. बिनपरवाना पिस्तुलाचे कागद मागाहून होत नसतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधं बिनपरवाना पिस्तूल बाळगलं तरी दोन ते पाच वर्षं कैद आहे. निषिद्ध बोअरचं निघालं तर सात ते चौदा. तुझ्या पिस्तुलाच्या नळीवर काय लिहिलंय, 7.65 की 9? पीपीके दोन्हींत निघायचं. 7.65 मिलिमीटर म्हणजे आपल्याकडचं .32 बोअर, ते तुझ्यामाझ्यासारख्याला रीतसर मिळू शकतं. 9 असेल तर निषिद्ध बोअरचा प्रश्न येतो, आणि निषिद्ध बोअरचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, दिल्लीला गृहमंत्रालयात जावं लागतं. माहीत होतं? नव्हतं. आणि .32 म्हटलं की रिव्हॉल्वरचंही काडतूस चालेल, असं तो तुला सांगत होता ना? चालत नाही. दोघांना .32 म्हणतात, पण काडतुसं वेगळी.

"जुनं आहे, कोण माग काढतोय," हे तुझं वाक्य तर मला फारच आवडलं! इथून मोखाड्याच्या रस्त्याने गेलास तर पुढे नाशिक. तिथल्या विजयानंद नाट्यगृहात 21 डिसेंबर 1909 ला शारदा नाटकाचा खेळ होता, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. अनंत कान्हेऱ्यांनी त्याला तिथेच गोळ्या घातल्या. ब्राउनिंगचं पिस्तूल, तुझ्या त्या पीपीकेसारखंच आटोपशीर, पोलादी. तेव्हा ना संगणक, ना सीसीटीव्ही. तरी इंग्रजांनी त्या पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत काढला. सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं इंडिया हाउसच्या चतुर्भुज अमीनाबरोबर धाडली होती. अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि सगळी साखळी उलगडली. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मिसरूड फुटायचं वय होतं कान्हेऱ्यांचं. त्यांचं नाव मी तुझ्या प्रकरणात घेतेय याचीच मला लाज वाटते, कारण ते कशासाठी गेले आणि तू कशासाठी निघालास! पण माग निघतो की नाही, एवढ्यापुरतं ध्यानात ठेव. तुझ्या पिस्तुलाने आधी कुठे काय केलंय, कुणाच्या अंगातून निघालेली गोळी कुठल्या प्रयोगशाळेत पडून आहे, तुला काय ठाऊक? तिच्यावरच्या आट्यांच्या खुणा जुळल्या की दार तुझंच वाजणार.

बरं, धरून चालू की माल चोख आहे, मालक परवानाधारक आहे आणि तुलाही परवाना मिळाला. हसू नको, अजून मी अर्ध्यावरही आलेले नाही. परदेशी पिस्तुलं आणून खासगी माणसाला विकणं 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद झालं. त्यामुळे जी आत राहिली तीच हातोहात फिरतात आणि त्यांचे लाखांनी पैसे मोजले जातात. युरोपात पोलिसांनी टाकून दिलेला माल तुम्ही इथे दागिन्याच्या भावाने घेता. तो भाव दुर्मिळपणाचा आहे, पिस्तूल चांगलं आहे म्हणून नव्हे. सरकारी कारखान्यांतही .32 ची शस्त्रं बनतात, कानपूरला रिव्हॉल्वर, इशापूरला पिस्तूल. पण त्यात मिरवता येत नाही ना!

गोविंदाचं आठवतं? तुझाच लाडका हिरो. 1 ऑक्टोबर 2024, पहाटेची वेळ, जुहूचं घर. स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर ठेवायला गेला, ते हातातून निसटलं आणि गोळी गुडघ्याखाली पायात. कुणी हल्ला केला नव्हता, कुणी चोर नव्हता. स्प्रिंगा थकलेलं, झिजलेलं जुनं शस्त्र गोळी भरून ठेवलं की ते घरातल्या माणसांनाच आधी धोक्याचं. तुझ्या घरात सहा वर्षांचा पोरगा आहे. कपाटाच्या किल्ल्या तू कुठे ठेवतोस, ते मला ठाऊक आहे, कारण मागच्या दिवाळीला त्यानेच मला दाखवलं. कॅलेंडरमागच्या खिळ्याला!

आणि जव्हारचा पाऊस? अडीच-तीन हजार मिलिमीटर. आषाढात इथे कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते. तू म्हणतोस छान चामड्याचं पाकीट शिवून घेईन आणि त्यातच ठेवीन. घाल आणि श्रावणात काढून बघ. चामडं ओल धरतं आणि पोलादाला घट्ट बिलगून बसतं, चार महिन्यांत नक्षी उमटेल गंजाची. पिस्तूल पाकिटातून काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून, गोळ्या वेगळ्या, मॅगझिन वेगळं, कुलपात ठेवायचं असतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. स्वतःच्या जीपचं ऑइल वेळेवर न बदलणारा तू, हे करणार?

वीस पावलांवर कोण उभं आहे, हे अंधारात ओळखता येतं का तुला? मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात जानेवारी 2025 च्या शेवटी गावची माणसं रानडुकराच्या शिकारीला गेली होती. हालचाल दिसली, गोळी सुटली, आपलाच सोबती पडला. घाबरून कुणी पोलिसांत गेलं नाही, प्रेत झुडपात लपवलं, काही दिवसांनी सगळं बाहेर आलं. तीही शहाणीसुरती, घरदार असलेली माणसं होती.

दुसऱ्याच्या हाती गेलं तर? 8 फेब्रुवारी 2024 ला बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा खून झाला तो मॉरिस नोरोन्हाने केला, पण पिस्तूल त्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं होतं. परवाना उत्तर प्रदेशातला, पिस्तूल ऑफिसात ठेवलेलं. गोळी न झाडताही अंगरक्षकाला अटक झाली. तुझ्या तंबूंवर पाहुणे येतात, दारू होते, पोरं म्हणतात "दादा, एक बार उडवा ना." मोखाड्यात बोहाडा असो की कुणाची वरात, हवेत बार काढलास तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याचं वेगळं पोटकलमच 2019 मध्ये घातलंय, तुझ्यासारख्यांचीच कीर्ती ऐकून.

वडिलांच्या रजिस्टरात मी एक पाहिलं होतं. कितीतरी शस्त्रांपुढे शेवटची नोंद एकच, मालक वारला, वारसाने जमा केलं. हौसेने घेतलेली, नाव कोरलेलीसुद्धा. म्हाताऱ्या बायका ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून, अंगापासून लांब धरून कचेरीत आणायच्या. तुझ्यामागे तुझी बायको आणणार. तिला विचारलंस?

आता रीत ऐक, आणि या वेळेला माझ्यासमोर वहीत लिही. आधी परवान्याचा अर्ज, ऑनलाइन. तो पालघरला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस तुझी चौकशी करतील, करू दे, दोन वर्षांपूर्वीची ती हाणामारीची केस लपवू नको, ती त्यांना माझ्याआधी माहीत आहे. मग शस्त्र हाताळण्याचं आणि ठेवण्याचं प्रशिक्षण, प्रमाणपत्रासकट. कारण नीट लिही, आणि नकार आला तर कुणा साहेबाच्या बंगल्यावर जाऊन बसायचं नाही, अपील करायचं. परवाना पाच वर्षांचा असतो, शस्त्रं जास्तीत जास्त दोन, आणि निवडणुका लागल्या की जमा करायला सांगितलं तर मुकाट्याने करायचं. जुनं पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाकडून घ्यायचं असेल, तर विकणाऱ्याने तुझं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं. मधल्या दिवसांत परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याच्या कारागिराकडून ते उघडून तपासून घ्यायचं. नंबर पिस्तुलावर, नंबर त्याच्या परवान्यावर, दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघायचे. अंगठा बाजूला करून.

हे सगळं करून मग तुला पिस्तूल घ्यावंसं वाटलं तर घे, मी काही म्हणणार नाही. माझा अंदाज आहे, प्रशिक्षणापर्यंतच तुझा उत्साह मावळेल.

लाव आता फोन त्या नाशिकवाल्याला, इथेच, स्पीकरवर. परवान्याची प्रत आणि नंबराचा स्वच्छ फोटो माग. देतो म्हणाला तर पुढचं बोलू. टाळाटाळ केली तर वीस हजार बुडाले समज, आणि ते परत मागायला एकटा कुठल्या ढाब्यावर जाऊ नकोस, सरळ पोलीस ठाण्यात जाऊन झालं ते सांग. मी येते बरोबर. चपला कुठे गेल्या माझ्या?