मुखत्याराची सही आणि मालकाचे स्वत्व

कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या जमीन व्यवहारामागे एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: स्वतःची मालकी सोडण्याचे कृत्य दुसऱ्याच्या हातून कितपत होऊ शकते? भारतीय करार कायदा, 1872 याचे उत्तर मोजून-मापून देतो. मुखत्याराने अधिकारात राहून केलेली सही मालकाचीच समजली जाते. मात्र मालक वारला किंवा त्याला वेड लागले, की कलम 201 प्रमाणे तो अधिकार संपतो.

वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हाच प्रश्न यज्ञाच्या निमित्ताने सोडवला होता. ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) दक्षिणा घेऊन आहुती देतात, पण द्रव्यावरचे स्वत्व सोडायचे ते यजमानानेच. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा आहे. व्रीही (भात) मिळाले नाहीत तर नीवार (रानभात) चालतात. यजमानाच्या जागी मात्र बदली चालत नाही. हात उसना मिळतो, संकल्प मिळत नाही, आणि संकल्प करणाराच उरला नाही तर त्या हातालाही काही अर्थ उरत नाही. कायद्यानेही, यज्ञाशी काही देणेघेणे नसताना, जवळपास हीच रेघ ओढली आहे.

मुंबईतल्या मरोळसारख्या गावठाणात ही रेघ नेमकी कुठे बोचते ते पाहण्यासारखे आहे. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबाच्या जुन्या घराची मिळकत पत्रिका पणजोबांच्या नावावर, वारसांपैकी काही अंधेरीत, काही कॅनडा-ऑस्ट्रेलियात, आणि परदेशातल्या भावंडांचे कुलमुखत्यारपत्र इथल्या भावाकडे, अशी स्थिती धरून चालू. खरेदीखताच्या आधीच्या महिन्यात तिकडची बहीण वारली, तर तिचा हिस्सा त्याच क्षणी तिच्या वारसांकडे गेला. त्यांनी कोणालाच मुखत्यार नेमलेले नाही. दुय्यम निबंधकांसमोर दस्ताला घोषणापत्र जोडले जाते: लिहून देणारी व्यक्ती हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही. त्यावर सही असते ती मुखत्याराचीच! ज्याच्या अधिकाराची शंका, त्याचीच ग्वाही. नोंदणीने दस्त पक्का होतो. विकणाऱ्याकडे नसलेली मालकी त्यातून निर्माण होत नाही. परदेशातून आलेले मुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, ती अडचण वेगळीच.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे खरेदीखत न करता पूर्ण पैसे देऊन साठेखत आणि स्वतःच्याच नावे ‘अपरिवर्तनीय’ मुखत्यारपत्र घेणे. सूरज लॅम्प खटल्यात 11 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. पत्नी, मुलगा, भाऊ यांना कामापुरते दिलेले खरे मुखत्यारपत्र या निकालाने बाद झालेले नाही. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल तर करार कायद्याचे कलम 202 त्याचा अधिकार टिकवते, पण टिकलेला अधिकार म्हणजे मालकी नव्हे. दलाल हा फरक सहसा सांगत नाहीत.

ग्राहक प्रामाणिक असेल तर काय? मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत (खटल्यांच्या प्रकारांत) ‘अस्वामिविक्रय’ आहे, म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री. याज्ञवल्क्य स्मृतीप्रमाणे मालकाला त्याची वस्तू परत मिळते. ग्राहकाने विकणारा दाखवून दिला तर तो दोषमुक्त होतो आणि किंमत विकणाऱ्याकडून वसूल करतो. पण गुपचूप, अवेळी किंवा फार स्वस्तात घेतले असेल तर दोष ग्राहकाच्याच माथी. आजच्या करार कायद्याचे कलम 208 ग्राहकाला थोडे अधिक झुकते माप देते. अधिकार संपल्याचे कळेपर्यंत ती समाप्ती त्रयस्थाला लागू होत नाही. मात्र भाव बाजारापेक्षा बराच कमी होता, मालकाला एकदाही फोन केला नाही, मुखत्यारपत्र बरेच जुने होते, अशा गोष्टी पुढे आल्या की ‘ठाऊक नव्हते’ हे म्हणणे न्यायालयात लंगडे पडते. तोवर पैसे मुखत्याराच्या खात्यातून गेलेले असतील, तर वसुलीचा दावा त्याच्यावर आणि जमिनीचा दावा वारसांशी, असे दोन खटले ग्राहकाच्या वाट्याला येतात.