नम्रतेची सुरुवात घरापासून



शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले (योहान १३:१-१५). ते काम दासाचे होते, म्हणून पेत्राला ते पटेना. दर पवित्र गुरुवारी आपण हे ऐकतो. पण रोजच्या जीवनात ते आचरावे कसे?

आपली शाहूपुरी १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी वसवली. पुढे याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले. सवर्ण तेथे चहा घेईनात, तेव्हा महाराज स्वतः भाऊसिंगजी रस्त्यावर गाडी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही देऊ लागले. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध हुकूमही काढले. पण माणसाला मान हुकमाने नव्हे, सहवासाने मिळतो.

नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे. चहा घेऊन महाराज राजेच राहिले. पाय धुऊन येशू प्रभूच राहिला. आपल्या मोठेपणामुळे दुसरा लहान होऊ नये, ही काळजी म्हणजे नम्रता.

आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा असतो का? पवित्र मिस्सामध्ये आपण सारे एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. मग स्वयंपाकघरात हा भेद कशाला? या आठवड्यात मावशींना खुर्ची देऊ या, आपल्याच कपांपैकी एक त्यांच्या हाती देऊ या आणि त्यांच्यासोबत बसून चहा घेऊ या.

प्रभू आपणांस लीन अंतःकरण देवो.

आपले धर्मगुरू