खुब्याचे दुखणे, हक्क आणि रहमत

पती-पत्नीच्या नात्याविषयी कुरआनने दोन शब्द एकत्र ठेवले आहेत : मवद्दत आणि रहमत, म्हणजे प्रेम आणि करुणा (सूरह अर्-रूम, आयत 21). शरीर निरोगी असते तेव्हा पहिला शब्द सहज कळतो. दुसऱ्याची कसोटी आजारपणात लागते.

आपल्या पामशेजारीच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. कामावरून परतणारा तरुण दुचाकीवरून पडतो, घरातील प्रौढ स्त्री मोरीत घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, वॉकर येतो. परंतु दांपत्यसुखाचे काय, हा प्रश्न कोणी उच्चारत नाही. धडधाकट जोडीदाराला आपला हक्क आठवतो. रुग्ण नकाराला गुनाह समजून वेदना सोसतो. मग हक्क मोठा की इजा टाळणे?

स्वतःला वा दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. हक्क खरा आहे, पण तो इजा देऊन वसूल करता येत नाही. आजार हा शरीअतमान्य उज्र आहे. त्यामुळे वेदनेपायी नकार देणारी पत्नी नाफरमान ठरत नाही. रुग्ण पतीलाही हाच न्याय लागू आहे.

मात्र याच्या उलट टोकही अन्यायाचेच. जोडीदाराला केवळ रुग्ण मानून त्याच्यापासून दूर राहणे ही रहमत नव्हे. माननीय आयेशा (रजि.) सांगतात की, त्यांच्या मासिक पाळीच्या दिवसांतही प्रेषित (स.) त्यांच्या मांडीवर टेकून कुरआनचे पठण करीत. समागम नसतानाही जवळीक असते, हे यातून उमगते. हात हाती घेणे, शेजारी बसणे यांना कोणतेही हाड आड येत नाही.

उरलेले डॉक्टरांना विचारावे. खुब्याचा सांधा बदलल्यावर सामान्यतः सुमारे 6 आठवडे थांबण्यास सांगतात. नंतरही खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकू नये, पाय आत वळू नये, याची काळजी घ्यावी लागते. रुग्णाने पाठीवर, उशीच्या आधाराने राहणे बहुधा सोयीचे ठरते. प्रत्येकाची शस्त्रक्रिया निराळी असल्याने आपल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. लाज वाटत असेल, तर अन्सारच्या स्त्रिया आठवाव्यात. लज्जेने त्यांना धर्मज्ञानापासून रोखले नाही, म्हणून आयेशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली.

गुस्लची चिंताही अनेकांना असते. डोक्याला जखम असलेल्या एका सहाबींना सोबत्यांनी गुस्ल करण्यास भाग पाडले आणि त्यांचा मृत्यू झाला. प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले, अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, असे त्यांनी बजावले. जखमेला पाणी बाधत असेल, तर पट्टीवरून मसह वा तयम्मुम यांची सवलत आहे. तपशील आपापल्या मसलकच्या आलिमांकडून जाणून घ्यावा.

हक्क मागण्याआधी जोडीदाराची वेदना विचारणे, हीच मवद्दत आणि हीच रहमत. अल्लाह प्रत्येक रुग्णास शिफा आणि त्याच्या जोडीदारास सब्र देवो. आमीन.