फास आणि उंबरठा

बालकांच्या अपहरण व हत्यांबद्दल रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. दयेच्या अर्जांवरील विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. दरम्यान दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. त्याच जिल्ह्यातील गडहिंग्लजच्या रहिवाशाला येरवड्याचा फास दूरचा आणि शेजारचे स्वयंपाकघर जवळचे. तरी क्षोभ उसळतो तो दूरच्या मरणाविषयी. ही विसंगती केवळ उदासीनतेची नाही. ती कथनरूपाचीही आहे.

फाशीच्या प्रकरणाला आरंभ, खलपुरुष, निकाल आणि ठरलेली पहाट असते. घरातील मृत्यूला असा आकार नसतो. 'स्टोव्हचा भडका उडाला', 'विहिरीत पाय घसरला' या वाक्यांत मारणारा कर्ता व्याकरणानेच गाळलेला असतो. २००१ ते २०२० या काळात देशात आठ जणांना फाशी झाली. हुंडाबळींची अधिकृत नोंद २०२२ या एकाच वर्षात सहा हजारांवर गेली.

यावर एक आक्षेप संभवतो. राज्यसंस्था नागरिकांच्या नावाने मारते, म्हणून तिच्या हिंसेची जबाबदारी नागरिकांवर अधिक येते. आक्षेप खरा आहे; पण छळाची कल्पना असूनही मुलीला 'नांदायला' परत धाडले जाते, तेव्हा तेही समाजाच्याच नावाने घडते.

हे दोन्ही प्रश्न पुण्यातील मंजुश्री सारडा प्रकरणात एकत्र आले. लग्नानंतर चारच महिन्यांनी, जून १९८२ मध्ये, तिचा विषबाधेने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. तिने लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. खालच्या न्यायालयांनी ज्या संहितेत खुनाची पूर्वछाया पाहिली, तिच्यातच सर्वोच्च न्यायालयाला आत्महत्येची शक्यता दिसली. संशयाचा फायदा आरोपीला देणे न्याय्यच होते. वाचन असे पालटू शकते, म्हणूनच फाशी भयावह ठरते. परंतु दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान राहिली : पत्रे लिहिणारी स्त्री दुःखी होती. 'कोणी मारले?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, म्हणून 'जगणे असह्य कशाने झाले?' हा प्रश्न मिटत नाही. नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन मांडून हाच प्रश्न न्यायालयाबाहेर आणला.

तेव्हा फाशीविरोधाचा क्षोभ कमी करणे हा उपाय नव्हे; अधिक फास मागणे तर नव्हेच. ज्या बारकाईने आरोपीचा पुरावा वाचला जातो, त्याच बारकाईने सासरहून आलेले पत्र, ते लिहिणारी जिवंत असताना, माहेरी वाचले गेले पाहिजे. मृत्यूनंतरचे वाचन कितीही सूक्ष्म असले, तरी ते तिच्यासाठी नसते.