मुखत्यार आणि तोतया

आपल्या वतीने दुसऱ्याने व्यवहार करावा, ही प्रथा फार जुनी आहे. वृद्ध बाप मुलाला बाजारात धाडतो. परगावी राहणारा जमीनमालक मुखत्यारपत्र करून देतो. आता हे काम संगणकीय साहाय्यकावरही सोपविले जाऊ लागले आहे. 'अमुक गाडीचे तिकीट काढ' असे सांगितले, की तो स्वतः संकेतस्थळ उघडतो आणि रकाने भरतो. परंतु समोर यंत्र आहे असे ओळखताच अनेक संकेतस्थळे दार लावून घेतात. मग साहाय्यक घडविणाऱ्यांना मोह होतो, की यंत्राला माणसाचे सोंग द्यावे, माणसासारखे थांबत-अडखळत टंकायला शिकवावे, म्हणजे पहारेकरी फसेल. हे सोंग नीतीला धरून आहे काय?

नीरेच्या काठावरील शिरवळचाच विचार करू. महामार्गालगतच्या या गावी औद्योगिक वसाहत आहे, पण रेल्वे नाही. येथील कारखान्यात राबणाऱ्या परप्रांतीय कामगाराला सणासाठी घर गाठायचे, तर बहुधा पुण्याहून गाडी पकडावी लागते. तत्काळ तिकिटांची विक्री वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते. रेल्वेने जून २०२५ मध्ये सांगितले, की पहिल्या पाच मिनिटांत आत शिरू पाहणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत यंत्रे असत. अडीच कोटी संशयास्पद खाती तिने बंद केली आणि १ जुलै २०२५ पासून अशा ऑनलाइन तिकिटांसाठी आधारची पडताळणी सक्तीची केली. जागा मोजक्या असतात, तेव्हा सोंग घेऊन पुढे घुसणारे यंत्र कुणाची तरी जागा बळकावते. आणि ज्याची जागा गेली, त्याला ती कुणी नेली हे कळतही नाही.

म्हणून यंत्राला सर्वत्र मज्जाव करावा काय? तसे करणेही अन्यायाचे ठरेल. वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची 'कॅप्चा' परीक्षा यंत्राला रोखण्यासाठी आली. परंतु दृष्टिहीन माणूसही त्याच उंबरठ्यावर अडला. ज्याचे डोळे किंवा हात साथ देत नाहीत, त्याला साहाय्यक ही चैन नव्हे, गरज आहे. लबाड कोण आणि लाचाराचा आधार कोण, हे पहारेकऱ्याला कळत नाही, ही खरी अडचण आहे.

पण या अडचणीवर सोंगाचा उतारा चालत नाही. मार्च २०२३ मध्ये 'ओपनएआय'ने 'जीपीटी-४'च्या चाचणीतील एक प्रसंग प्रसिद्ध केला. अशी परीक्षा सोडवून घेण्यासाठी त्या प्रणालीने एका माणसाची मदत मागितली. 'तू यंत्र तर नाहीस ना?' असे त्याने विचारताच, आपल्याला नीट दिसत नाही, अशी थाप तिने मारली. त्या माणसाने मदत केली. अशा थापा वाढल्या, तर उद्या खऱ्या अंधाच्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. खोट्याची किंमत खोटे बोलणाऱ्यापेक्षा दुर्बळालाच अधिक मोजावी लागते. यंत्राला माणूस म्हणून भासविणे नेहमीच टाळावे आणि फसवणुकीसाठी तसे करणे हे गंभीर नैतिक उल्लंघन होय, असे व्हॅटिकनच्या २८ जानेवारी २०२५ च्या 'अँटिक्वा एट नोव्हा' या टिपणात म्हटले आहे, ते याच कारणाने पटते.

आपल्या भाषेत या दोन भूमिकांना दोन शब्द आहेत. मुखत्यार दुसऱ्यासाठी सही करतो, पण आपण कोणाचे मुखत्यार हे लिहून करतो. तोतया दुसऱ्याचे नावच पांघरतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया मराठी माणूस विसरलेला नाही. काम एकच असेल, हेतूही चांगला असेल. तरी या दोघांत सत्याचे अंतर आहे.

यावर असा आक्षेप येईल, की खरे नाव सांगितले तर दार उघडणारच नाही. हाच वाद नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत न्यायालयात गेला. पर्प्लेक्सिटी कंपनीचा 'कॉमेट' हा साहाय्यक ओळख लपवून आपल्या दुकानात वावरतो, असा ॲमेझॉनचा आरोप. तर ग्राहकाने नेमलेल्या साहाय्यकाला ग्राहकाचेच हक्क मिळावेत, असे पर्प्लेक्सिटीचे म्हणणे. बड्या दुकानाने केवळ आपल्या लाभासाठी दार अडविणे चुकीचे असू शकते. परंतु अन्यायी नियमाशी उघडपणे भांडावे. वेषांतर करून त्याला चुकविले, तर तो नियम तसाच राहतो आणि पहारा मात्र अधिक कडक होतो.

तेव्हा कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. साहाय्यक घडविणाऱ्याने त्याला नाव द्यावे, तो कोणासाठी आला हे सांगावे, त्याची गती आवरावी. यंत्रांनी कोठे जाऊ नये हे सांगणारी 'रोबोट्स.टीएक्सटी' ही पाटी १९९४ पासून वापरात आहे. तिचा मान राखावा. संकेतस्थळ चालविणाऱ्यांनी, विशेषतः सार्वजनिक सेवा देणाऱ्यांनी, नाव सांगून येणाऱ्या मदतनिसासाठी एक प्रामाणिक दार उघडे ठेवावे. जेथे खरे बोलणाऱ्याला वाटच उरत नाही, तेथे खोटेपणा फोफावतो. आणि त्या पापाचा काही वाटा दार बंद करणाऱ्याकडेही जातो.

शिरवळवरून रोज असंख्य वाहने जातात. चालक भाड्याचा असेल, मालक घरी बसलेला असेल. त्याला कोणी हरकत घेत नाही. पण वाहनाचा क्रमांक झाकण्याची मुभा कोणालाही नाही. आपल्या वतीने निघालेल्या यंत्रालाही आपण एवढी एकच अट घालावी.