मग पुढे?

वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : 'नंतर दोघांचं लग्न झालं.' लेखकाने तिला फलाटावर आणि त्याला सुटलेल्या गाडीत ठेवून पुस्तक संपवलं होतं. या वाचकाला (किंवा वाचिकेला; अक्षर फार नेटकं होतं) तेवढं सोसलं नाही. त्याखाली दुसऱ्या कुणीतरी निळ्या बॉलपेनने विचारलं होतं : 'कशावरून?'

चार शब्दांचा अनधिकृत उत्तरभाग. याहून आखूड माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याखालच्या परीक्षणाहून आखूड परीक्षणही नाही.

मराठीत 'उत्तर' म्हणजे नंतरचं, आणि 'उत्तर' म्हणजे जबाब. उत्तरभाग लिहिणाऱ्याची गफलत इथूनच सुरू होते. लेखकाने आपल्याला काही विचारलं आहे, अशी त्याची समजूत असते. लेखक बहुधा नुसता गप्प बसलेला असतो.

*

1605 साली माद्रिदला 'डॉन किहोते' छापून आलं. (आपल्याकडे तो क्विक्झोट म्हणून रुळलाय, पण त्याच्या गावात त्याला किहोतेच म्हणतात.) दुसरा कुणी ही कथा याहून चांगल्या वाद्यावर गाईलही कदाचित, अशा अर्थाची एका इटालियन कवीची ओळ सर्व्हान्टिसने पुस्तकाच्या शेवटी सहज टाकली होती. असली नम्रता म्हणजे दारातल्या पाहुण्याला 'आता जेवूनच जा' म्हणणं. पाहुण्याने लगेच पाट घेऊन बसायचं नसतं.

1614 मध्ये एक पाहुणा बसला. आलोन्सो फर्नांदेस दे आव्हेयानेदा या नावाने, तारागोनाचा छाप घेऊन, किहोतेचा 'दुसरा भाग' बाजारात आला. लेखकाचं नाव खोटं होतं. प्रस्तावनेत त्याने सर्व्हान्टिसचं म्हातारपण काढलं. लेपान्तोच्या 1571 च्या आरमारी लढाईत निकामी झालेला त्याचा डावा हातही काढला. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि वर घरमालकाच्या थोट्या हाताला हसायचं, हे मला त्या चोरीपेक्षा जास्त लागतं. मग हा चाहता की वैरी? दोन्ही असावा. परक्या माणसांबरोबर अख्खं पुस्तक काढायला नुसता द्वेष पुरत नाही.

सत्तरीकडे झुकलेला सर्व्हान्टिस तेव्हा स्वतःचा दुसरा भाग लिहीत होता. त्यातल्या 59व्या प्रकरणात किहोते एका सराईत उतरतो. आजवर दिसेल त्या सराईला किल्ला समजणारा हा गृहस्थ या सराईला सराईच म्हणतो. पलीकडच्या खोलीत दोघे जण जेवण येईपर्यंत एखादं प्रकरण वाचू म्हणतात. भिंत पातळ. पुस्तक तेच, तोतयाचं. त्यातलं सगळ्यांत न आवडलेलं काय, तर किहोतेचं दुल्सिनेयावरचं प्रेम आटलं आहे, असं एक जण म्हणतो आणि भिंतीअलीकडून खरा किहोते गरजतो. मग ते पुस्तक त्याच्या हातात येतं. तो चाळतो, आणि चुका काढतो : आपल्या सेवकाच्या, सांचोच्या, बायकोचं नाव तेरेसा, हा तिला मारी गुतिएरेस म्हणतो!

आता गंमत अशी, की पहिल्या भागात तिला ते नाव खुद्द सर्व्हान्टिसनेच एकदा दिलं होतं. लेखक विसरला, नक्कल करणाऱ्याच्या लक्षात राहिलं. चाहत्याला पुस्तक नेहमीच लेखकापेक्षा जास्त पाठ असतं.

खोटा किहोते सारागोसाच्या सामन्यांना जाऊन आला, असं कळल्यावर खरा म्हणतो, मग मी त्या गावात पाऊल ठेवणार नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस सर्व्हान्टिसने सारागोसाचंच सूतोवाच करून ठेवलं होतं. केवळ तोतयाला खोटं पाडायला वाट बदलली, आणि स्वारी बार्सिलोनाला गेली. तिथे किहोते आणि सांचो, दोघांनीही जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

तो त्यांना एका भामट्याने दाखवला.

पुढे सर्व्हान्टिस आणखी एक पाऊल टाकतो. आव्हेयानेदाच्या पुस्तकातलं आल्वारो तार्फे हे पात्र तो उचलून आपल्या पुस्तकात आणतो आणि गावच्या अधिकाऱ्यासमोर त्याच्याकडून लिहून घेतो की हाच किहोते खरा, मी आधी भेटलो तो नव्हे. चोराच्या घरची वस्तू साक्षीला.

त्याच स्पेनमध्ये थोडं आधी मातेओ आलेमानवर हीच पाळी आली होती. त्याचा 'गुस्मान' 1599 चा. 1602 मध्ये सायावेद्रा असं टोपणनाव घेऊन कुणी त्याचा दुसरा भाग काढला. आलेमानने 1604 च्या आपल्या भागात सायावेद्रा नावाचं पात्र घातलं, त्याला वेड लावलं, 'मी गुस्मानची सावली' असं ओरडायला लावलं, आणि समुद्रात उडी मारायला लावली. आलेमानने चोराला समुद्रात बुडवलं. सर्व्हान्टिसला चोरामुळे समुद्र सापडला. दोघांतला थोर कोण, हे इथे कळतं.

*

चाहता तोंडाने विचारतो 'पुढे काय?' मनात असतं 'पुन्हा तेच.'

आव्हेयानेदाचा किहोते पुन्हा वेडा आहे, पुन्हा मार खातो, शेवटी तोलेदोच्या वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडतो. सांचो खादाड होता, तो आणखी खादाड. खऱ्या दुसऱ्या भागात किहोते थकत जातो आणि सांचो शहाणा होत जातो. चेष्टेखातर मिळालेली सुभेदारीसुद्धा तो नीट चालवून दाखवतो. पात्राला बदलू द्यायला एक निष्ठुरता लागते. प्रेमात पडलेल्यापाशी ती कुठून असणार?

2009 मध्ये एका स्वीडिश लेखकाने सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'चा उत्तरभाग काढला. सॅलिंजर 90 वर्षांचा, वर्षानुवर्षं कुणाला न भेटणारा. तरी कोर्टात गेला. अमेरिकेत त्या पुस्तकावर बंदी आली, वरच्या कोर्टाने ती फेरविचारासाठी परत पाठवली, तोवर सॅलिंजर वारला होता. कोर्टाचं जाऊ द्या. त्या उत्तरभागात शाळेतून पळालेल्या पोराचं वय 76 झालेलं आहे. आणि तो काय करतो? वृद्धाश्रमातून पळतो आणि न्यूयॉर्कभर भटकतो. साठ वर्षं उलटली, फक्त फाटक बदललं.

चीनमध्ये 'लाल महालातले स्वप्न' ही कादंबरी त्साओ श्वेछिनच्या मागे 80 प्रकरणांच्या हस्तलिखितांत फिरत होती. 1791 मध्ये ती 120 प्रकरणांची होऊन छापली गेली. त्यात नायिका ताय्यू झुरून मरते. त्यानंतर उत्तरभागांची रांग लागली, आणि त्यांतल्या काहींत ताय्यू चक्क पुन्हा जिवंत होते, लग्न करते, संसार करते. मी याला हसणार होतो. मग ती पेन्सिलीची ओळ आठवली.

अधिकृत उत्तरभाग काही वेगळे नसतात. फक्त त्यांच्या मागे वारसदारांची सही असते. 'गॉन विथ द विंड'च्या वारसांनी 1991 मध्ये 'स्कार्लेट' लिहून घेतलं, त्यात नायक-नायिका पुन्हा एकत्र आली. हेही शेवटच्या पानावरचं पेन्सिलीचं वाक्यच, फक्त छापून आणि बांधून.

ज्याला मूळ पुस्तक आवडतं पण पटत नाही, तो मात्र बरं लिहितो. 'जेन एअर'मध्ये माळ्यावर कोंडलेली वेडी बायको आहे. 1847 पासून ती तिथे ओरडते आहे. कॅरिबियनमधल्या डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसला ते ओरडणं ओळखीचं वाटलं असावं. 1966 मध्ये तिने त्या बाईचं आधीचं आयुष्य लिहिलं, आणि आता माळ्याकडे न बघता 'जेन एअर' वाचता येत नाही. ॲलिस रँडलने 2001 मध्ये 'गॉन विथ द विंड'ची गोष्ट स्कार्लेटच्या सावत्र बहिणीच्या तोंडून सांगितली; ही बहीण गुलाम बाईच्या पोटी जन्मलेली. वारसांनी बंदी आणली, वरच्या कोर्टाने ती उठवली. बरं केलं. भक्तापेक्षा भांडखोर वाचक मूळ पुस्तकाच्या जास्त उपयोगी पडतो.

*

आपण तरी यावर फार बोलू नये. ज्याला आपण 'कादंबरी' म्हणतो तो शब्दच मुळी एका अपुऱ्या पुस्तकाचं नाव आहे. बाणभट्ट अर्ध्यावर गेला. मुलाने ते पुरं केलं. कथा तुटली म्हणून सज्जनांना वाईट वाटतंय, कवित्वाच्या गर्वाने मी हे करत नाही, असं त्याने आरंभीच सांगून टाकलं. त्याचं नाव कुठे भूषण, कुठे पुलिंद असं सापडतं. बापाचं नाव पक्कं, पोराचं डळमळीत : उत्तरभागाचं मानधन तेवढंच.

आपल्याकडे चोरी बहुधा उलट्या दिशेने होत आली. दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवणारे होतेच, पण आपला अभंग रचून त्याखाली संताची मुद्रा ठेवणारे काय थोडे होते? विष्णुदास नामा आणि नामदेव यांच्या रचना तर केवळ मुद्रेच्या सारखेपणामुळे अशा मिसळल्या की अभ्यासक अजून निवडत बसलेत. महाभारताला तर शेपूट जोडायची रीतसर सोय : हरिवंशाला 'खिल' म्हणतात, म्हणजे पुरवणी. 'ययाति' आणि 'मृत्युंजय' यांनाही व्यासांची परवानगी नव्हती. 'मृत्युंजय'मधला कर्ण वकिलासारखा स्वतःची बाजू मांडतो. आवडता कर्ण आणि नावडता निकाल, दोन्ही त्यात आहेत. म्हणून ते टिकलं असावं.

आणि तरीही एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा तिच्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याला बजावून ठेवलं, की ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. नरोटी म्हणजे खोबरं काढून घेतलेली नारळाची रिकामी कवटी. बहुतेक उत्तरभागांचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. आकार तोच, आत काही नाही.

*

1615 मध्ये खरा दुसरा भाग आला. शेवटच्या प्रकरणात किहोते तापाने अंथरुणाला खिळतो, भानावर येतो, आणि मरतो. पाद्री तिथल्या तिथे लेखनिकाकडून दाखला मागून घेतो की हा गृहस्थ नैसर्गिक मरणाने गेला. पुन्हा कुणी याला उठवून फिरवू नये. पात्राच्या मृत्यूचा दाखला काढून ठेवणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

मरण्याआधी किहोते मृत्युपत्र करतो. त्यात एक कलम आव्हेयानेदासाठी आहे. तो गृहस्थ कधी भेटलाच, तर माझ्या वतीने त्याची माफी मागा, असं तो सांगतो. कारण इतका अडाणीपणा लिहायला नकळत का होईना, निमित्त मीच झालो.

सर्व्हान्टिस 1616 च्या एप्रिलमध्ये गेला. आव्हेयानेदा म्हणजे कोण, यावर चारशे वर्षांत बरीच नावं सुचवून झाली. एकही पक्कं झालेलं नाही. माफी अजून पोचवायची राहिली आहे.