जीवाचे स्वातंत्र्य आणि इगतपुरीचा डोंगर

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न सांगितले आहेत. त्यांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त. म्हणजे आज बद्ध असूनही मुक्त होण्याची योग्यता अंगी असलेला. ही योग्यता त्याच्या ठिकाणी आहे म्हणूनच त्याला विधी सांगितले, निषेध सांगितले. दगडाला कोणी आचार सांगत नाही. लौकिकात मात्र स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ बहुधा ‘माझी जमीन, माझा पैसा, मी वाटेल ते करीन’ एवढाच उरतो. या दोन अर्थांत अंतर किती, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचा डोंगर त्यास पुरेसा आहे.

थळ घाटाच्या माथ्यावरचे हे गाव. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दारणा, भावली, मुकणे, ऊर्ध्व वैतरणा ही धरणे याच परिसरातील. दारणेचे धरण १९१६ साली पूर्ण झाले. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईस जाते. दारणेचे पाणी गोदावरीस मिळून नांदूर मधमेश्वरापाशी कालव्यांत शिरते व अहिल्यानगर जिल्ह्यातील शेते भिजवते. नदीतून पुढे जाते ते पैठणच्या जायकवाडी जलाशयात. ज्या पैठणास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे दीर्घ वास्तव्य घडले, तेथील जलाशयात इगतपुरीच्या ढगांचा वाटा आहे, ही गोष्ट स्थानवंदनास जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानीही नसते.

आणि एवढे पाणी देणाऱ्या या तालुक्यातील वाड्यापाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. हा काळा कातळ. उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ. पावसाचे पाणी येथे थांबते ते मुळांत, पाचोळ्यात, मातीत आणि कातळाच्या भेगांत. तेथून ते हळूहळू झऱ्यास आणि विहिरीस उतरते. माथ्यावरची झाडी गेली, उतार खणून सपाट केला, की तेच पाणी मातीसह चार महिन्यांत वाहून जाते आणि पाऊस सरताच झरा आटू लागतो.

या डोंगरावर बाहेरची माणसे येणे काही नवे नाही. १८६५ साली रेल्वे घाट चढून येथे आली. १९७६ साली येथेच धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. तेथे येणारे दहा दिवस मौन पाळतात. तो मार्ग भिन्न, त्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. पण माणूस थोडक्यात राहू शकतो, एवढे तरी तेथे दिसते. दुसरा प्रकार वाढतो आहे तो शनिवार-रविवारच्या बंगल्यांचा. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. डोंगराच्या कुशीत घर, त्यापुढे हिरवळ, पोहण्याचा हौद, त्यासाठी कूपनलिका. आणि आठवड्याचे पाच दिवस घरास कुलूप. घर बांधणारा दुष्ट असतो असे नाही. शहराच्या धुराने तो कंटाळलेला असतो, त्याला झाडे आवडतात, म्हणूनच तो येथे येतो.

मग कायदा काय करतो? पश्चिम घाटासंबंधी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. ३१ जुलै २०२४ च्या केंद्रीय मसुद्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून धरले आहे. त्यांपैकी १७,३४० महाराष्ट्रातील असून इगतपुरी तालुक्यातील गावेही त्यात येतात. खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, अतिप्रदूषक कारखाने आणि वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर त्यात निर्बंध आहेत. आपली शेती व घर हिरावले जाईल अशी भीती गावोगाव बोलली जाते. परंतु मसुदा शेती बंद करीत नाही, जमीन विकण्यास आडकाठी करीत नाही. म्हणजे चाळणीची भोके मोठी आहेत. मोठा धोंडा अडतो, खडे सुटतात. एकेक बंगला सुटतो, आणि शंभर सुटले की उतार गेलाच. येथे राजाज्ञेचा हात संपतो आणि आचाराचा प्रश्न सुरू होतो.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी पाठीस लावलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरण आलेल्यास दिले नाही. पारध्यांपाशी बळ होते, कुत्री होती. त्यांना शिकारीपासून अडविणारे तेथे कोणी नव्हते. स्वामींनी त्यांस दंडाचे भय घातले नाही, विचारास लावले. रानातले तृण खाऊन आणि पाणी पिऊन राहणाऱ्या, कोणाचे काही न घेणाऱ्या जीवास मारावे का, असा त्या बोलण्याचा आशय. पारधी आपणहून निवृत्त झाले. त्यांच्या स्वातंत्र्यास कोणी हात लावला नाही. त्या क्षणी ते पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरले गेले.

आता तृण आणि उदक या दोन शब्दांवर थोडे थांबावे. सशाचे जीवन ज्यावर चालते ते दोन्ही काढून घेतले, तर बाण न सोडताही तो मरतो. हा अर्थ ओढून आणलेला आहे, असा आक्षेप संभवतो. अहिंसेचा विधी प्रत्यक्ष जीवघातापुरता मानावा, असे कोणी म्हणेल. परंतु झरा कशाने आटतो हे अज्ञात होते तोवर त्या आक्षेपास जागा होती. खालच्या पाड्यावरची कोरडी विहीर डोळ्यांनी पाहिल्यावर ‘मी कोणास मारले नाही’ हे म्हणणे अपुरे पडते.

भिक्षुकाचा मार्ग येथे सोपा आहे. त्यास नित्य अटन सांगितले, झाडातळी जन्म कंठणे सांगितले. भिक्षाही घरोघरची थोडी थोडी, म्हणजे कोणा एका घरास भार नाही. वासनिकास घर, शेत, मुलेबाळे आहेत; त्याच्याकडून तीच वृत्ती मागणे अन्याय होईल. पण त्यासही हिशेब चुकत नाही. आपल्या कूपनलिकेने शेजारची विहीर खाली जाते काय? छपरावरचे पाणी साठविता येते काय? ज्या घरात वर्षातून वीस दिवस राहावयाचे, त्यासाठी उतार कापणे आवश्यक आहे काय? हे प्रश्न जमीन घेणाऱ्याने स्वतःस विचारावयाचे आहेत. दवाखान्याच्या खर्चासाठी चार गुंठे विकणाऱ्या ठाकर वा महादेव कोळी शेतकऱ्यापुढे जाऊन निवृत्तीचे निरूपण करणे हा केवळ उद्धटपणा होय. ज्यापाशी सोडण्यासारखे काही आहे, त्यालाच सोडा म्हणता येते. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन घाट उतरणारीस झाडांचे महत्त्व सांगणारे पुष्कळ असतात. तिच्या चुलीची दुसरी सोय करणारे थोडे.

मठ आणि आश्रमही या विचारातून सुटत नाहीत. राज्यात २०१८ च्या मार्चमध्ये एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या ताटवाट्या व पेले यांवर बंदी आली. तरी उपहाराच्या पंगतीनंतर त्यांचे ढीग ओढ्याकाठी दिसतात. पळसाची पत्रावळ मिळते, ती लावणाऱ्यांस चार पैसेही मिळतात. पाण्यासाठी धातूचे पेले घासून पुन्हा वापरता येतात. त्यास माणसे अधिक लागतात, आणि पंगतीत सेवेसाठी माणसे उभीच असतात.